मोहोळाची वांटणी

गेल्या माघ महिन्यांतील गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही गॅलरींत वर्तमानपत्र घेऊन बसलों होतों; इतक्यांत चाळीच्या दुसऱ्या टोंकाकडून मुलांचा एकच गलका उठला. उठून पाहतों तों जिन्यावरील वाशाला मुठीएवढा काळसर गोळा लोंबूं लागला होता आणि भोंवतालची हवा माशांनीं भरून गेली होती. पाहतां पाहतां तो गोळा नारळाएवढा झाला, आणि अर्ध्या तासांत लहानशा कळशीएवढा. करी रोडच्या पुलावरील मोटारींचा व खालून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज आमच्या कानांना जन्माचा परिचित. पण हा आवाज त्याहून निराळा, कोणी तंबोऱ्याचा खर्ज लावून ठेवावा तसा होता.

चाळींतील मंडळी धांवून आली. एकानें टेंभा पेटवावा असें सुचविलें. दुसऱ्यानें औषध फवारणाऱ्या माणसांना टेलिफोन करण्याची तयारी केली. आम्हीं मास्तरकीच्या जुन्या संवयीनें आवाज चढवून सांगितलें, "कोणीं कांहीं करूं नये. या माशा येथें राहावयास आलेल्या नाहींत, वाटेंत टेकल्या आहेत. एक-दोन दिवसांत आपण होऊन जातील." हें छातीठोकपणें सांगितलें खरें, पण रात्रभर आम्हांस झोंप नव्हती. दुसऱ्या दिवशीं साडेअकराच्या सुमारास तो गोळा सैल झाला, धुरासारखा वर चढला आणि छपरांवरून दिसेनासा झाला. चाळींत आमची प्रतिष्ठा चार दिवस वाढली.

ती प्रतिष्ठा उसनी होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. आमचें ज्ञान सारें आमच्या धाकट्या बंधूंचें. ते वाईजवळच्या आमच्या मूळ गांवीं राहतात. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय महाबळेश्वरीं आहे. तेथें शिक्षण घेऊन त्यांनीं परसांत मधपेट्या ठेविल्या. तो सारा मुलूखच मधाचा. महाबळेश्वराजवळचें मांघर हें खेडें २०२२ च्या मे महिन्यांत देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आम्ही वर्षाचे दोन-तीन महिने बंधूंकडे काढतों आणि त्यांच्या हाताखालीं उमेदवारी करतों.

आपल्या सह्याद्रींतील पाळण्याजोगी मधमाशी म्हणजे सातेरी. झाडाच्या ढोलींत, वारुळांत, भिंतीच्या पोकळींत, अशा काळोख्या जागीं ती शेजारीं शेजारीं अनेक पोळीं बांधते. मुंबईच्या उंच इमारतींना जें एकच थोरलें पोळें लोंबतांना दिसतें तें आग्या माशीचें. ती पेटींत राहत नाहीं आणि तिच्या वाटेस कोणीं जाऊंहि नये. सातेरीच्या एका घरांत राणी एकच. बाकीच्या हजारों कामकरी माशा, आणि हंगामांत कांहीं शेंकडे नर. फुलोरा भरास आला, घर दाटलें, अंडीं घालावयास रिकामी जागा उरेनाशी झाली, म्हणजे कामकरी माशा पोळ्याच्या खालच्या कडेला निराळ्याच आकाराचीं घरें बांधूं लागतात. तीं राणीघरें. त्यांतलीं पहिलीं एक-दोन मेणानें बंद झालीं, कीं जुनी राणी निम्म्याअधिक माशा बरोबर घेऊन बाहेर पडते आणि भरलेलें घर अजून न जन्मलेल्या लेकीसाठीं सोडून जाते. चाळींत आम्हीं पाहिला तो असाच निघालेला संसार होता. निघतांना या माशा पोटभर मध घेतात. राखावयाला त्यांच्यापाशीं घरहि नसतें. म्हणून त्या छेडल्याविना सहसा डंख करीत नाहींत.

प्रश्नोपनिषदांत प्राणाचें श्रेष्ठत्व सांगतांना हाच दृष्टांत आला आहे. मधमाशांचा राजा उठला कीं साऱ्या उठतात, तो बसला कीं साऱ्या बसतात, असा त्याचा आशय. ज्या ऋषीला हें सुचलें त्यानें मोहोळ उठतांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें असावें. चूक इतकीच कीं तो राजा नव्हे, राणी. पण ही चूक ॲरिस्टॉटलचीहि झाली; आणि सतराव्या शतकांत डच शास्त्रज्ञ स्वामरडॅम यानें चिरफाड करून तिचे अंडाशय दाखवीपर्यंत युरोपांतहि बहुतेकांच्या लेखीं तो राजाच होता. दुसरी एक गोष्ट अलीकडे कळली आहे. राणी माशांना नेत नाहीं. माशाच तिला निघावयास लावतात. आधींचे कांहीं दिवस तिचा खुराक तोडून तिला उडण्याइतकी हलकी करतात. नवी जागाहि टेहळणीस गेलेल्या माशा शोधतात आणि परत येऊन नाचाच्या खुणेनें इतरांना तिचा पत्ता सांगतात. या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांस १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हें सारें आम्ही त्या दिवशीं जेवतांना घरांत सांगत होतों. आमच्या मंडळी वाढीत होत्या. सर्व ऐकून घेऊन त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे म्हातारीच घर सोडते म्हणा." पंक्तीला बसलेले दोघे चिरंजीव खालीं मान घालून जेवूं लागले.

याचें कारण सांगतों. आमच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसें. धाकट्या चिरंजीवांनीं डोंबिवलीस भाड्यानें जागा पाहिली होती आणि दोन वर्षें ते आमची परवानगी मागत होते. आम्ही देत नव्हतों. चूल वेगळी झाली म्हणजे घर मोडलें, असें आम्हांस वाटे. भांडण कोणाचेंच नव्हतें. पण रात्रीं अंथरुणें घालतांना कोणाच्या तरी तोंडून एकादा तुटक शब्द जाई आणि तो सकाळपर्यंत खोलींत राही. त्यांत धाकट्या सूनबाईंना पांचवा महिना लागला होता.

असो, विषयाकडे वळूं. मोहोळ आपण होऊन उठलें, तर पाळणाऱ्याची निम्मी दौलत आकाशमार्गें जाते. म्हणून शहाणा माणूस राणीघरें दिसतांच मोहोळाची वांटणी आपल्या हातानें करतो. माशांच्या मनांत जें आहे तेंच, फक्त आपल्या परसांत. पण ही वांटणी कशी होते हें समजावयास राणीघर म्हणजे काय तें आधीं नीट कळलें पाहिजे.

पोळ्यांतील नेहमींचीं घरें षट्कोनी आणि आडवीं असतात. राणीघर भुईमुगाच्या शेंगेसारखें, तोंड खालीं करून लोंबणारें. आंत जें अंडें असतें तें मात्र कामकरी माशीच्या अंड्याहून रतिमात्र वेगळें नसतें. सारा फरक पडतो तो अन्नानें. तरुण कामकरी माशांच्या डोक्यांतील ग्रंथींतून एक पांढरट रस स्रवतो. इंग्रजींत त्यास 'रॉयल जेली' म्हणतात, आम्ही राजान्न म्हणूं. कामकरी होणाऱ्या अळीला सुमारें तीन दिवसांनंतर मध व पराग मिसळलेलें साधें अन्न मिळूं लागतें. राणी होणारी अळी शेवटपर्यंत राजान्नांतच लोळत असते. कामकरी माशी अंड्यापासून सुमारें वीस-एकवीस दिवसांत बाहेर येते, नराला चोवीस लागतात, राणी मात्र पंधरा-सोळा दिवसांतच तयार होते. कामकरी माशी हंगामांत थोडे आठवडे जगते; राणी वर्षानुवर्षें. कामकरी अळीपासूनहि राणी होऊं शकते, हें अठराव्या शतकांत शिराख नांवाच्या एका जर्मन धर्मोपदेशकानें प्रयोगानें दाखविलें; त्यानें पोळ्याचा अळ्या असलेला तुकडा आणि थोड्या माशा वेगळ्या कोंडल्या, तों त्यांनीं आपली राणी आपण घडविली. पुढें जिनिव्हाच्या ह्यूबरनें १७९२ च्या ग्रंथांत या शास्त्राचा पाया पक्का केला. ह्यूबर अंध होता. त्याचा सेवक ब्यूर्नेंस पाही आणि सांगे, आणि ह्यूबर प्रश्न विचारी. आम्हीं जन्मभर वर्गांत डोळस मुलांना पाहावयास शिकविलें. या जोडीपुढें आमची मान लवते.

आतां आमची फजिती. तीन वर्षांपूर्वीं बंधु एका लग्नाला परगांवीं गेले होते. एका पेटींत राणीघरें दिसलीं आणि आम्हांस पुस्तकी आत्मविश्वासाची भरती आली. जुनी राणी व तीन पोळीं आम्हीं नव्या पेटींत ठेविलीं, हें ठीक झालें. जुन्या पेटींत सात राणीघरें होतीं. एकच ठेवावें असें वाचलें होतें, म्हणून सर्वांत मोठें दिसलें तें ठेवून बाकीचीं सहा कापून टाकिलीं. नातू शेजारीं उभा होता. त्याला राणीचा महाल दिसावा म्हणून ती चौकट उन्हांत धरली, उलटी केली, पुन्हां सुलटी केली. पुढें दर तिसऱ्या दिवशीं झांकण उघडून पाहत राहिलों.

महिन्याभरानें बंधूंनीं ती पेटी उघडली. राणीघर तसेंच बंद होतें. आंतील कोष काळा पडून वाळला होता. घरांत राणी नाहीं आणि राणी घडवावयास कोंवळी अळीहि नाहीं, अशा स्थितींत कांहीं कामकरी माशाच अंडीं घालूं लागतात, आणि सातेरींत हें फार लौकर होतें. पण त्यांचें नराशीं मीलन झालेलें नसतें, म्हणून त्या अंड्यांतून नरच निपजतात. एकेका घरांत चार-चार, पांच-पांच अंडीं वेडींवांकडीं टाकलेलीं दिसलीं. कोंपऱ्यांतल्या पोळ्यांत मेणकिड्याची जाळी धरली होती. उरल्या-सुरल्या माशा कांहीं न करतां चौकटीच्या कडेला बसून होत्या. बंधु रागावले नाहींत. ते म्हणाले, "दादा, घर वेगळें केलेंत खरें, पण दिलेंत कोणाच्या हातीं?"

यंदा फाल्गुनांत पुन्हां तशीच वेळ आली. जांभळी मोहरूं लागल्या होत्या. आठही चौकटी माशांनीं झांकल्या होत्या. नरांचीं घरें भरलेलीं होतीं. सातेरीच्या नरघराच्या टोपणाला मधोमध टांचणीनें पाडल्यासारखें एक बारीक भोंक असतें, त्यावरून तें ओळखावें. नर उडत नसतील तर नव्या राणीचें मीलन व्हावयाचें नाहीं, म्हणून वांटणीचा विचार त्यापूर्वीं करूं नये. राणीघरें नऊ होतीं, पैकीं चार बंद. या वेळीं हात बंधूंचे होते आणि आम्ही धुराडें धरून मुकाट्यानें उभे होतों. त्यांनीं जें केलें तें क्रमानें देतों.

प्रथम जुनी राणी शोधली. ती ज्या पोळ्यावर होती तें पोळें माशांसकट नव्या पेटींत ठेविलें. त्याच्याजवळ बंद अळ्यांचें एक पोळें आणि मध-परागानें भरलेलें एक. या पोळ्यांवर एकहि राणीघर राहूं दिलें नाहीं. राहिलें तर मोहोळ तेथूनहि उठतें. दुसरें असें कीं, बाहेर हिंडणाऱ्या वयस्क माशांच्या मनांत जुनी जागा पक्की बसलेली असते. पेटी चार हातांवर ठेविली तरी त्या आपल्या मूळ ठिकाणींच परततात, आणि नव्या घरांत मनुष्यबळ तोकडें पडतें. म्हणून आणखी एका चौकटीवरच्या तरुण माशा नव्या पेटींत झाडून दिल्या. अळ्यांना भरविणाऱ्या या माशा अजून उडावयास लागलेल्या नसतात, त्या तेथेंच राहतात. नवें दार दोन बोटांइतकेंच उघडें ठेविलें, तिवईच्या पायांखालीं मुंग्यांसाठीं पाण्याच्या वाट्या ठेविल्या, आणि चार रात्रीं साखरेचा पाक दिला. जन्मभर माधुकरीवर राहणाऱ्यांना एवढा पाहुणचार आपण करावा.

जुन्या पेटींत दोन राणीघरें ठेविलीं, दोन्ही एकाच पोळ्यावर, लांब, सरळ आणि खडबडीत पृष्ठाचीं. बाकीचीं काढलीं, कारण अनेक राण्या एकामागून एक निपजल्या तर प्रत्येकीबरोबर थोड्या थोड्या माशा निघून जातात आणि घर रितें होतें. एक अजिबात न ठेवतां दोन ठेवण्याचें कारण आमच्या फजितींत वाचकांना सांपडेल. जी राणी आधीं बाहेर येते ती दुसरीच्या घराला भोंक पाडून तिचा अंत करते. (सासू-सुनांच्या व जावांच्या उपमा येथें थांबवाव्या हें बरें.) राणीघराची चौकट झटकावयाची नाहीं, आडवी करावयाची नाहीं, उन्हांत धरावयाची नाहीं, आंतील कोष अत्यंत नाजूक असतो. घराचें टोंक तपकिरी झालें, म्हणजे कामकरी माशांनीं तेथील मेण खरवडून वाट मोकळी केली असें समजावें; राणी एक-दोन दिवसांत बाहेर पडते.

आणि मग झांकण लावून स्वस्थ बसावयाचें. सर्वांत कठीण काम तेंच. राणी जन्मल्यावर आठवड्याच्या आंतबाहेर मीलनासाठीं उडते. ह्यूबरनें दाखविल्याप्रमाणें तें पेटींत नव्हे, बाहेर हवेंतच होतें. त्या वाटेवर वेडा राघू आहे, कोतवाल आहे. त्यांतून परतली, तर दोन-चार दिवसांत अंडीं घालूं लागते. या काळांत पेटी उघडली, तर राणी बावरते, प्रसंगीं माशाच तिला मारतात. तीन आठवड्यांनंतर, सकाळच्या थंड वेळीं, मधलें एकच पोळें काढून पाहावें. अंडें दिसलें नाहीं, तर दुसऱ्या पेटींतील ताज्या अंड्यांचें एक पोळें द्यावें, किंवा हीं दोन घरें पुन्हां एक करावीं. एक करण्यांत कमीपणा नाहीं. आम्हीं चोविसाव्या दिवशीं पाहिलें. प्रत्येक घराच्या तळाशीं, बरोबर मध्यें, तांदळाच्या कणीहून बारीक असें एकेकच अंडें उभें होतें. बंधूंनीं कांहीं न बोलतां चौकट आमच्या हातांत दिली. आम्हीं ती सरळच धरली.

त्या रात्रीं ओटीवर पडल्या पडल्या बंधूंचा तीन वर्षांपूर्वींचा प्रश्न पुन्हां कानीं आला. आम्ही दोन वर्षें चिरंजीवांना अडवून धरलें होतें तें घर राखण्यासाठीं, असें आम्ही समजत होतों. पण मोहोळ कधीं मोडतें? उपासमारींत, किंवा राणीविना वांटलें म्हणजे. भरल्या हंगामांत, दोन्हीकडे अन्न, माणसें आणि कर्ती बाई असतांना वांटलें, तर तें मोडत नाहीं. त्याचीं दोन होतात. उलट दाटलेल्या घरांतून तें कोणाला न विचारतां एके दिवशीं निघून जातें. माणसें म्हणजे माशा नव्हेत, हें आम्हांस ठाऊक आहे. माशांना मागें वळून पाहावें लागत नाहीं. परंतु वांटणी करावयाची ती गोडींत आणि भरतींत, एवढी गोष्ट दोघांनाहि लागू आहे.

चैत्रांत मुंबईस परतल्यावर आम्हीं चिरंजीवांना जवळ बसवून परवानगी दिली. भांड्यांची फडताळें उघडलीं. जें जातें त्यानें रिकाम्या हातानें जाऊं नये, म्हणून वर्षाचे तांदूळ, तूप, लोणच्याची बरणी आणि आमच्या आईच्या हातची पुरणाची मोठी पितळी परात तिकडे गेली. परात देतांना आमचा हात अडखळला, हें लपवीत नाहीं. पण सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मंडळींनीं केली, आणि तीहि आम्हांस न विचारतां. कमरेची कोठीची किल्ली काढून त्यांनीं थोरल्या सूनबाईंच्या हातावर ठेविली आणि म्हणाल्या, "आतां हें घर तूं बघ. धाकटीचें बाळंतपण आहे. मी डोंबिवलीस जातें." थोरल्या सूनबाई रडूं लागल्या. बावीस वर्षें त्या या घरांत राबल्या. पण किल्ली कोणत्या कोनाड्यांत असते हें त्यांस त्या दिवसापर्यंत सांगण्यांत आलें नव्हतें. हें आमच्या तरी आधीं कां ध्यानांत आलें नाहीं?

आतां ज्येष्ठ लागला आहे. करी रोडच्या खोल्यांत रात्रीं अंथरुणांत वाट उरते. आमटीला चव निराळी आहे. आम्ही ती वाखाणतों, आणि बहुतेक दिवशीं मनापासून. पहिल्या आठवड्यांत आम्ही डोंबिवलीस सकाळ-संध्याकाळ टेलिफोन करीत असूं: पाणी येतें का, बाजार जवळ आहे का, सूनबाई नीट जेवतात का. आठव्या दिवशीं मंडळींनींच तो घेतला आणि विचारलें, "अहो, तीन आठवडे झांकण उघडूं नये, असें तुम्हींच सांगत होतां ना?"

तेव्हांपासून आम्ही फक्त रविवारीं करतों.

पावसाळ्यांत फुलें नसतात आणि माशांना बाहेर पडतां येत नाहीं. त्या दिवसांत पेट्यांना पाक केव्हां व किती द्यावा, झड आणि मुंग्या कशा आंवराव्या, हें पुढील अंकीं सांगूं.